किल्ली देताना

ही किल्ली घे, इद्दर. लाकडाची आहे म्हणून हसू नकोस.
कासाब्लांकाच्या दुकानात तुझं शटर
एका हिसक्यात वर जायचं.
इथे हे लाकडी दात कुलपाच्या पोटात चाचपडतात,
आपापली भोकं शोधतात.
घाई केलीस की दार ऐकत नाही.

एकशे तेरा खोल्या, तीन मजले.
जिना नाही. भिंतीतून दगड बाहेर आलेत,
पाऊल कुठे टाकायचं ते त्यांनाच विचार.
जव सगळ्यात वर, अ‍ॅटलासचा कोरडा वारा
तिथेच खेळतो. तेल आणि लोणी खाली, अंधारात.
आर्गनच्या तेलाला उजेड दाखवायचा नाही,
नव्या नवरीसारखं लाजतं, मग खवट होतं.

चार उन्हं खाल्ल्याशिवाय जव आत घेऊ नकोस.
दाणा दाताखाली धर.
कट्कन तुटला तर घे,
चेपला तर परत पाठव, काझीचा असला तरी.
राखेत घोळवून भरायला सांग. टोका राखेला वचकतो.
बदाम फोडून ठेवू देऊ नकोस,
कवच आहे तोवर तो आपली काळजी आपण घेतो.
मीठ घातलेल्या लोण्याच्या मडक्याचं तोंड
चिकणमातीने लिंपलेलं असेल.
वास उग्र आला तर घाबरू नकोस.
उग्र वेगळं, नासलेलं वेगळं.
हा फरक शिकायला मला सहा वर्षं लागली
आणि बायकोचा बराच मार शब्दांचा.

प्रत्येक दाराला खाली एक भोक आहे, मांजरापुरतं.
दर खोलीमागे मूठभर जव मांजराच्या नावाचे.
ते मांजर खात नाही, ठाऊक आहे मला.
ते विकून त्याला सुकी मासळी आणतो.
हिशेबात मात्र जवच लिही.

दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही.
नाकाला कोणी बंदी घातलेली नाही.
अडतीस वर्षं मी नाकानेच
सगळ्या गावाच्या घरांत राहिलो.

वरच्या रांगेत, डाव्या हाताला, इज्जाची खोली.
तिचा हम्मू फ्रान्सच्या कोळशात उतरला
त्या सालापासून ती त्याच्या वाट्याचे जव वेगळे मोजायची.
कोठाराची रीत अशी, की जुनं आधी संपवावं,
नवं मागे सारावं.
तिने उलट केलं.
त्याची पोती मागे, भिंतीशी. आपलं पुढे.
दर साली ताजं खात गेली
आणि जुनं आणखी जुनं होत गेलं.
मी बोललो नाही. रीत कोठाराची होती,
खोली तिची.

मग ती दोन कोरडी सालं आली. तू शहरात होतास.
लोक रिकाम्या खोल्यांची दारंसुद्धा
कुलूप लावून जायचे, लाजेपोटी.
एका सकाळी इज्जा खाली उभी. म्हणाली, उघड,
माझ्या मनगटात आता तेवढा जोर नाही.
मी किल्ली फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं.
पायली भरल्याचा आवाज येत राहिला.
घरटी दोन पायल्या. उसने नाहीत, कर्ज नाही.

विचारू नये ते विचारलं मी.
हम्मू आला तर?
म्हणाली, आला तर बोळका म्हातारा येईल.
जव काय करायचेत त्याला?

त्या पिठाची भाकरी मी खाल्ली आहे.
आधी राख लागते, मग धूळ,
आणि गिळता गिळता, अगदी मागून, थोडं गोड.

आता त्या खोलीत एकच मडकं आहे,
लोण्याचं. यंदाच लिंपलंय, ओल्या बोटांच्या खुणा दिसतात.
कुणासाठी ते विचारू नकोस.
वास घे आणि पुढच्या दाराकडे जा.

आणि संध्याकाळी कुलूप घालण्याआधी
दोनदा हाक मार.
मांजर आत असतं, आणि पहिल्या हाकेला
ते कधीच येत नाही.